वानवळ्याचा डबा

कुंदा दुकानात आली तेव्हा मी एका लग्नपत्रिकेत नवरीचं आडनाव दुरुस्त करत होते. ती नागावात फादरांकडे स्वयंपाकाला जायची. "फादर गेले, ताय," ती म्हणाली. "पहाटंला, झोपेतच." मग पिशवीतून माझा स्टीलचा डबा काढून तिने टेबलावर ठेवला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून मी आधी पत्रिका पूर्ण केली. त्याला आता दीड महिना झाला.

फादरांनी आयुष्यभर सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, ईशज्ञान शिकवलं, तेही इंग्रजीतून. निवृत्तीनंतर चॅपलमागच्या दोन खोल्यांत राहून ते तोच विषय मराठीत लिहीत होते. माझं अलिबागला टायपिंगचं दुकान. त्यांचं अक्षर वाचू शकणारी मी एकटीच, तरी कधी कधी विचारावं लागे, "यात काना कुठला आणि मेलेली मुंगी कुठली?" "मुंगी काढा, बाकी राहू द्या," ते शांतपणे सांगत.

पुस्तक 'ग्रेस'च्या प्रकरणाशी अडलं. हा शब्द त्यांना फार वर्षांपासून सलत होता. शिकून घरी आले तेव्हा आईने विचारलं होतं, ग्रेस म्हणजे काय रे? "लॅटिनमध्ये तासभर बोललो असतो," ते म्हणाले. "ती वाट बघत बसली... मग उठून भात उतरवायला गेली." मी म्हटलं, कृपा लिहा की, सगळे लिहितात. "कृपा साहेब करतो, बाई. अर्जावर." मग मी सहज म्हणाले, आमच्याकडे वाडीतलं पहिलं पीक शेजाऱ्याला न मागता देतात, त्याला वानवळा म्हणतात. त्यांनी तो शब्द लिहून घेतला. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "पण वानवळ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणजे परतफेड आली. ग्रेस देवाची देणगी, तिची परतफेड होत नाही."

"मग माझा डबा रिकामा पाठवून बघा. मी भांडायला येणार नाही."

त्यांना ते जमेना. मी कुंदाबरोबर वालाचं बिरडं पाठवलं की दुसऱ्या दिवशी डब्यातून झाडाची चार आंबट करमळं यायची, कधी दोन केळी, एकदा तर नुसता बिस्किटांचा पुडा. "लहानपणापासूनची सवय," ते ओशाळून म्हणायचे. "फुकट घेता येत नाही. आणि मी पोरांना नेमकं तेच घ्यायला शिकवत होतो." शेवटी त्यांनी त्या प्रकरणात अकरा जागा कोऱ्या सोडायला सांगितल्या. ज्या दिवशी डबा रिकामा येईल त्या दिवशी 'वानवळा' भरायचं. नाहीच जमलं तर 'कृपा'.

"आत काय ठेवलंय का?" तिने डबा टेबलावर ठेवला तेव्हा मी कुंदाला विचारलं होतं.

"न्हाय. धुऊन ओट्यावर पालथा घातलेला."

आता, धुऊन पालथा ते रोजच घालत. त्यात काय भरायचं ते सकाळी ठरत असे, आणि ती सकाळ त्यांना मिळाली नाही. अंत्यविधीला त्यांचे विद्यार्थी लांबून आले होते. विद्वत्तेबद्दल चांगलं बोलले, इंग्रजीत. मी मागच्या बाकावर होते. डब्याचं कुणाला विचारणार?

गेल्या आठवड्यात छापखान्याचा फोन आला, फाइल हवी म्हणून. मी अकराही ठिकाणी 'वानवळा' टाइप केलं आणि पाठवून दिलं. चूक असेल तर ती माझी.

परवा वालाला मोड आले होते. सोलले, बिरडं केलं, आणि दुकानात निघताना सवयीने डबा भरून घेतला. कुंदा दुपारी नेते ना... दिवसभर तो प्रिंटरशेजारी होता. संध्याकाळी शटर ओढलं आणि डबा मीच घरी परत आणला. भरलेला.