शीव ओलांडायची परवानगी

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तरी मी मापाच्या बुडाकडे बघतो. विज्ञान शिकवून शिकवून असा झालो, असं मी म्हणतो. लग्नात गळ्यात घालायचा हारसुद्धा तुम्ही आधी उलटून पाहिलात, असं बायको म्हणते. तेव्हा बारा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात नाशिकहून कोल्हापूरला निघालो, त्या वेळी माझ्या ट्रंकेत बॅटरी, आयोडिनची बाटली आणि गुडघ्यापर्यंत येणारे गमबूट होते, यात नवल नाही.

गमबुटांना कारण होतं. आमच्या शाळेतले एक सहकारी मूळचे गगनबावड्याच्या वाटेवरचे. "सुट्टीत माझ्या थोरल्या भावाकडे जा," ते म्हणाले. "गुऱ्हाळ बघा, पुढे घाट बघा." आणि निरोप घेताना सहज म्हणाले, "उसात जरा पायाखाली बघून चाला." मी त्याच दिवशी बूट घेतले.

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी उतरलो तर एका आडदांड गड्याने न विचारता माझी ट्रंक उचलली आणि चालायला लागला. चोर समजून मी मागे धावलो. त्याने ती समोरच्या हॉटेलातल्या बाकाखाली सरकवली. "पावणं, तुमच्या गाडीला दोन तास हाईत. आदी मिसळ खाऊन घ्या की." काय द्यायचं विचारलं तर रागावलाच. फुकट काम करणारा माणूस मला पैसे मागणाऱ्यापेक्षा जास्त घाबरवतो. मिसळीचा कट इतका लाल होता की रंग घातला असणार, म्हणून मी त्यात बोट बुडवून कागदावर पुसून पाहिलं. गल्ल्यावरचा मालक बघत होता. "रंग न्हाय त्यो, मिरची हाय. तोंडात घाला म्हंजे कळंल." कळलं. डोळ्यांतून पाणी आलं ते रंकाळा मागे पडेपर्यंत थांबलं नाही.

पुढचा रस्ता मात्र सुरेख. दोन्ही अंगांना उभा ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर, आणि समोर घाटाचे डोंगर हळूहळू जवळ येत होते. साळवण सोडून काही मैलांवर मी उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही. ओढ्यावरचा एक अरुंद पूल ओलांडला की त्या गावाची शीव लागते, एवढं पुरे.

दत्तोबा, म्हणजे सहकाऱ्यांचे भाऊ, पन्नाशीचे, आवाज पहाडी. त्यांच्या पत्नीला मी पहिल्याच जेवणापासून वहिनी म्हणू लागलो. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि ज्वारीची भाकरी वाढून त्या उंबऱ्यापाशी बसायच्या आणि ताट रिकामं झालेलं त्यांना खपायचं नाही. घरात बाज एकच होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः जमिनीवर निजल्या. तरी मी अंथरायची वाकळ (गोधडी) तीनदा झाडली. "भावजी, मी झाडलीया ती," त्या हसून म्हणाल्या. "आत काय न्हाय." मी चौथ्यांदा झाडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या फडात सदू नावाच्या गड्याला पान लागलं. (साप चावला असं इथे कुणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात, आणि सापाला नुसतं जनावर.) घोणस होती, उसाच्या वाळल्या पाल्यात. लोक सदूला उचलून देवळाकडे निघाले. मी म्हटलं, अहो, कोल्हापूरला न्या.

"बाबूभाईनं उतरवल्याबिगर शीव वलांडली तर इख डोसक्यात जातंय," दत्तोबा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाबूभाई आले ते हात पुशीतच. गावात त्यांचा कल्हईचा धंदा. साठीचा, बारका माणूस, बोटं काळी झालेली. किती वेळ झाला आणि जनावर कसलं, एवढंच त्यांनी विचारलं. मग सदूला कडुलिंबाचा पाला चघळायला दिला. गोड लागला तर विष भिनलं, कडू लागला तर नाही, असा तिथला समज. सदू म्हणाला, कडू लागतोय. मीही हळूच एक पान तोंडात टाकून खात्री केली. मग बाबूभाईंनी त्याच्या मनगटाला काळा दोरा बांधला, इतका सैल की खालून बोट जावं, आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. मी कान लावून अगदी शेजारी उभा होतो.

"अर्धं इख उतरलं," ते डोळे उघडून म्हणाले. "अर्धं दोऱ्यात बांधलंय. ह्यो दोरा सरकारी दवाखान्यातल्या डागदरानंच तोडायचा, सुई दिल्यावर. शीव मोकळी केली. पर त्याला चालवू नका, उचलून न्या."

ज्या लोकांनी माझं ऐकलं नव्हतं त्यांनीच सदूला उचलून पुलापलीकडे एसटीत घातलं. एकानेही शंका काढली नाही. मला मात्र शंकाच शंका. पाला कडू लागला तर सुई कशाला? डॉक्टरशी साटंलोटं आहे का? पण बाबूभाईंनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नव्हता. आणि त्या पुटपुटण्यात मला 'बालिंगा' असं स्वच्छ ऐकू आलं होतं. बालिंगा गाव तर मी आदल्याच दिवशी एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं.

संध्याकाळी वहिनींचं एक पातेलं घेऊन त्यांच्या भट्टीवर गेलो. "बाबूभाई, मंत्रात बालिंगा कसं येतं?"

ते पातेल्यात कथील फिरवत राहिले. कल्हई पूर्ण झाल्यावर बोलले. "तुमचं कान लई तिखट हाईत, मास्तर. मंत्र न्हाय माझ्याकडं. एसटीची गावं म्हणतो. साळवण, कळे, बालिंगा, फुलेवाडी, रंकाळा. ह्या वाटंनं बिगीनं पोचावा, एवढंच मागणं."

"मग लोकांना सरळ सांगा की दवाखान्यात जा."

"सांगून बगितलं. कोण ऐकतंय? माझ्या थोरल्या भावाला पान लागलं, त्यो त्याच देवळात गेला. बा दिसभर मंत्र म्हणत व्हता, खरा मंत्र. मी बारा वर्साचा व्हतो, समदं बगितलं." त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं. "दोरा बांधला की जात्यात. कुणाला बोलू नका."

नाही बोलणार, असं मी म्हणालो.

आणि बोललो. सदू बरा असल्याचा निरोप तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा आम्ही गुऱ्हाळावर होतो. काहिलीत रस उकळत होता, माझ्या हातात रसाचा पेला होता, आणि जो तो बाबूभाईंच्या मंत्राचे गोडवे गात होता. अडाणी कौतुक ऐकलं की माझ्या जिभेला खाज सुटते. मी म्हटलं, कसला मंत्र? आणि गावांची नावं म्हणून दाखवली. हशा पिकला. एकाने कंडक्टरसारखी घंटी मारायची नक्कल केली. दत्तोबा तर मांडीवर थाप मारून हसले आणि त्यांनी मला आणखी एक पेला भरून दिला. मी खूश होतो. दुसऱ्याचं बिंग फोडण्यात जी हलकट मजा असते ती मी पुरेपूर घेतली. दिलेला शब्द मला त्या वेळी आठवलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी गगनबावड्याला जाण्यासाठी ट्रंक भरत होतो. वहिनी बैलांसाठी वाढं (उसाचे शेंडे) आणायला फडात गेल्या होत्या. आरडाओरडा ऐकून बाहेर आलो तर त्यांना देवळाकडे नेत होते. पुन्हा घोणसच. डाव्या हाताच्या पंजावर चावा होता.

देवळात मी पोचलो तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता. बाबूभाई खांबापाशी उभे होते, दोरा हातात, पण त्यांना कुणी पुढे येऊ देत नव्हतं. घाटाकडच्या गावात दुसरा मांत्रिक होता, त्याला आणायला माणूस धाडला होता. तो यायला दुपार होणार होती.

"दत्तोबा, कोल्हापूरला चला. आत्ता."

"शीव कोण मोकळी करणार?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होतं. "तुमीच सांगटलं की, त्याच्याकडं मंत्र न्हाय."

मी वर्गात शिकवतो तसं समजावलं. विष रक्तात कसं जातं, सुई काय करते, प्रत्येक घटका कशी मोलाची आहे. सगळ्यांनी अदबीने ऐकून घेतलं. जागचं कुणी हललं नाही. वहिनींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. पदराने ओठ टिपून त्या मला म्हणाल्या, "भावजी, तुमी घाटात जाणार व्हता न्हवं? गाडी चुकंल."

ही बाई मरणार आणि ती माझ्या जिभेमुळे मरणार, हे मला तेव्हा लख्ख कळलं. खरं सांगून झालं होतं. त्या खऱ्यानेच इथवर आणलं होतं.

"दत्तोबा, मी काल खोटं बोललो," मी म्हणालो. "मी बाबूभाईंकडे मंत्र चोरायला गेलो होतो. त्यांनी दिला नाही. त्याचा राग आला, म्हणून एसटीच्या गावांची नावं रचून सांगितली."

देवळात कुजबुज सुरू झाली. माझ्या विज्ञानावर त्यांचा विश्वास नव्हता, पण मी लबाड आहे हे त्यांना लगेच पटत चाललं होतं.

"देवाच्या पायरीला हात लावून सांगा," दत्तोबा म्हणाले.

मी कधी देवळात हात जोडत नाही. वाकलो, पायरीवर हात ठेवला आणि म्हणालो, "बाबूभाईंचा मंत्र खरा आहे. मी लबाड आहे."

दत्तोबांनी माझ्यावरून नजर काढली. "बाबूभाई, बांधा."

दोरा बांधताना बाबूभाई इतक्या भराभर पुटपुटले की या वेळी मलाही काही ऐकू आलं नाही. पुलापलीकडे दुधाचा ट्रक थांबवला होता. चौघांनी वहिनींना घरून आणलेल्या बाजेवर घालून त्यात चढवलं; दत्तोबा आणि बाबूभाई बरोबर बसले. मीही चढायला गेलो तर एकाने माझ्या छातीवर हात ठेवला. "तुमी न्हाय," तो म्हणाला.

मी परत आलो तेव्हा माझी ट्रंक रस्त्यावर आणून ठेवलेली होती. घाट पाहिला नाही. उलट दिशेची पहिली गाडी धरली. कोल्हापुरात सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी दोन दिवस बसून राहिलो, आत जायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी बाबूभाईच बाहेर आले. धोका टळला, म्हणाले. आम्ही दोघं फाटकापाशी उभ्याने चहा प्यायलो. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता त्या गावात दवाखाना झाला आहे. तिथेच सुई मिळते. बाबूभाई दोन वर्षांपूर्वी गेले, आणि म्हणूनच हे सगळं लिहितो आहे.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या सुट्टीनंतर जानेवारीत शाळा सुरू झाली. महिन्याभराने दत्तोबांचं पत्र धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या त्या सहकाऱ्यांना आलं. वहिनी घरी परतल्या होत्या, डाव्या हाताची दोन बोटं मात्र वळत नव्हती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की तुझ्या त्या मास्तरला पुन्हा आमच्या गावात धाडू नका. त्यांनी ते शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही केलंत तरी काय तिथे?"

त्यांचं गावी जाणं-येणं होतं. माझं खरं उत्तर पुढच्या सुट्टीत तिथे पोचलं असतं, आणि ऊस अजून उभा होता, त्यातली जनावरंही.

"मंत्र चोरायला गेलो होतो," मी म्हणालो, आणि वह्या तपासायला घेतल्या.