आईच्या नवसाचा त्रिशूळ

आई दवाखान्यात असताना बाबांनी चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ बोलला होता. ती बरी झाली की तो खांद्यावर घेऊन पहाड चढायचा. त्रिशूळ घडवून घरी आला त्याच आठवड्यात आई गेली. तेरवी झाली, पाहुणे परतले, आणि दाराआड त्रिशूळ तसाच उभा राहिला. मी झाडताना तो बाजूला करी, पुन्हा जागेवर ठेवी.

महाशिवरात्र जवळ आली तेव्हा बाबांनी बुटीबोरीच्या कंपनीतून सुट्टी काढली. काका समजवायला आले.

"देवानं ऐकलं नाही, दादा. मंग त्याले कायचं देऊन राहिला?"

"बोललो होतो म्या," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू येतं का वं?"

मी हो म्हणाले. नाही म्हणण्याइतकंही काही वाटत नव्हतं.

सावनेर, छिंदवाडा करत बस पचमढीला पोचली. पायथ्याशी बाबांनी त्रिशुळाच्या टोकांना लिंबं खोचली आणि तो खांद्यावर घेतला. पुढेमागे माणसंच माणसं, "हर बोला महादेव" चालू. मी ओठ हलवत होते, आवाज निघत नव्हता. अर्ध्या वाटेवर बाबांचा खांदा सोलवटला. मी माझी ओढणी घडी करून त्याखाली दिली. त्रिशूळ मात्र त्यांनी मला धरू दिला नाही.

एका वळणावर दम खात बसलो. शेजारी एक म्हातारी टेकली होती. तिनं सहज विचारलं, "कोणाचा नवस हाय गा, भाऊ?"

"बायकोचा."

"बरी झाली का मंग?"

बाबांनी पाण्याची बाटली बंद केली. "हो," म्हणाले.

म्हातारीनं हात जोडले. मी खाली दरीकडे बघत राहिले. बाबा खोटं बोलले याचं मला तेव्हा नवलही वाटलं नाही.

वर देवळाबाहेर त्रिशुळांचा ढीग होता, काही नवे, बरेच गंजलेले. बाबांनी आपला त्यांच्यात टेकवला. तो घसरला. त्यांनी उचलून पुन्हा नीट टेकवला, नमस्कार केला आणि रडायला लागले. दवाखान्यात, स्मशानघाटावर, कुठंच ते रडले नव्हते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

घरी परतल्यावर काकूनं विचारलं, "कसं वाटलं वं पहाडावर?"

"वारा लई होता," मी म्हणाले.