हात हुंगणारी भागामाय

माझी सासू माणसांचे हात हुंगायची. कुणी बाजारातून येवो, वावरातून येवो की सोयऱ्यांच्या गावाहून, भागामाय दारातच त्याचं मनगट धरायच्या, बोटं नाकाशी न्यायच्या आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायच्या. लग्न होऊन मी नेरहून बोरी अरबच्या वस्तीत आले, तर उंबऱ्यातच माझाही हात असाच धरला गेला. मला वाटलं, हळद बघतात.

"शेंदराचा वास दहा पाण्यानं जात नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "मायघरचे देव लुगड्यात बांधून त नाही आणले?"

नव्या नवरीला हा प्रश्न! मी मनात म्हटलं, झालं, बरोबर फौजदाराच्या घरात येऊन पडले.

दीक्षेच्या आधी मरीआईची सगळी सेवा याच बाईच्या हातून व्हायची. मंगळवारचे उपास, नवस, दर आखाडीला कडुलिंबाखालच्या दगडाला शेंदूर. पोटची तीन लेकरं देवीच्या साथीत गेली, तरी त्यांचा उपास मोडला नाही. मग छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतल्या बायांना हाताला धरून त्या नागपूरला गेल्या, पांढरं लुगडं नेसून परत आल्या आणि घरातले सगळे देव टोपल्यात भरून अडाण नदीत सोडून दिले. बाया रडल्या. भागामायनं मागं वळून पाहिलं नाही म्हणतात. अक्षराची ओळख नसताना ऐकून ऐकून पंचशील पाठ केलं आणि पहाटे त्याच्या आवाजानं घर उठवायला लागल्या.

पण एवढी जुनी भक्तीण एका दिवसात बदलते यावर वस्तीचा विश्वास बसेना. आणि भागामायचा वस्तीवर बसेना. "तोंडात बुद्ध अन् पोटात भूत," त्या म्हणायच्या. "भेलेला माणूस जुनं दार वाजवते. म्हून हात पाहा लागते."

आमचे हे वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. बोलणं करारी. जो कुणी लिंबाखाली नवस करताना सापडेल, त्या घराला पंगतीत बसवायचं नाही, असा ठरावच यांनी करवून घेतला होता. त्यात माझी नणंद कौशी हिची सोयरीक फुलसावंगीला जमत आली. मुलाचे वडील यांच्याहून कडक. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "जुन्या देवाचं काहीही निघालं त लगन नाही."

आणि नेमकं त्याच दिवसांत मला भागामायच्या नखात शेंदूर दिसला.

मंगळवार होता. दर मंगळवारी दुपारी, सगळे कापूस वेचणीला गेले की, त्या टोपलं घेऊन "गवऱ्या वेचाले चालली" म्हणून निघायच्या. परत यायच्या तर टोपल्यात चार गवऱ्या आणि बोटांना, शेंदूर पुसायला लावतात त्या खोबरेल तेलाचा वास! सुनेला सासूवर संशय घ्यायला तसंही कारण लागत नाही, इथं तर कारण नखात बसलेलं. मी यांच्या कानावर घातलं. हे एकदम पांढरे पडले. "तू चूप राह्य," म्हणाले. मला वाटलं, आईच्या बदनामीला भ्याले.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्या मागं गेले.

लिंबाखाली दगडाजवळ बांगड्या, कापलेली लिंबं, अर्धा नारळ, ताजा शेंदूर. भागामाय खाली बसल्या. आता हात जोडतील, मग जोडतील, म्हणून मी बघत होते. त्यांनी एकेक वस्तू उचलून टोपल्यात टाकली, वर गवऱ्या रचल्या आणि राख लावून चिंधीनं तो दगड घासायला लागल्या. मी पुढं झाले, तर त्यांनी आधी माझंच मनगट पकडलं.

"तू बी आली का इथं?" हुंगून झाल्यावर सोडलं. "मंग कायले आली?"

"तुमच्या मागं."

"माह्यावर सौंशय? बरं केलं." त्या खरंच खूश झाल्या. मग आवाज खाली आला. "लेकरू तापलं का बाई भेते, चोरून इथं येते. कोन्या घरचा हात वासाचा हाय, थे मले मालूम राह्यते. उद्या तुह्या नवऱ्यानं पाह्यलं त त्या घराले उठवन पंगतीतून. नागपूरले म्याच नेलं होतं वं त्यायले. म्याच कशी सोडू?"

मी टोपल्यात बघितलं. बांगड्यांखाली एक कुंची होती. लाल, कडेला पिवळी पट्टी. माझ्या हातची, माझ्या लेकराची, प्रकाशची! पंधरवड्यापूर्वी गावात साथ होती, पोराला ताप भरला होता, तो याच आठवड्यात उतरला होता, आणि सगळ्या वस्तीला "टोचून घ्या, नवस करू नका" म्हणून ओरडून सांगणारा त्याचा बाप... माझ्या अंगाची नुसती आग झाली.

भागामायनं कुंचीवर गवरी ठेवली. "त्याले म्हनू नको. बाप हाय. भेला."

पण लिंबाखाली जाताना त्यांना आणखी कुणीतरी पाहिलं होतं. फुलसावंगीचे पाहुणे साखरपुड्याला आले आणि मुलाच्या वडिलांनी भर बैठकीत विचारलं, "बुढी लिंबाखाली जाते म्हणतात, खरं काय?" मी यांच्याकडे पाहिलं. हे सतरंजीकडे बघत होते.

"हो, जाते म्या," भागामाय म्हणाल्या. "जुनी सवय हाय, सुटत नाही. मले उठवा पंगतीतून. पोरीनं काय केलं?"

पाहुण्यांनी मन मोठं केलं. लग्न होईल, पण म्हातारी मांडवात नको. वस्तीतल्या बाया, ज्यांच्या बांगड्या त्यांनी उचलल्या होत्या, त्याही ऐकत बसल्या. मी तोंड उघडलं, तर सासूनं मला डोळ्यांनीच दाबलं. त्या दिवसापासून मी नवऱ्याशी बोलले नाही.

साठचं दशक संपता संपता त्या गेल्या. त्यांच्याबद्दल लोक काय काय सांगतात, मला मात्र कौशीचं लग्नच आठवतं. मांडव भरलेला. भागामाय गोठ्यात बैलांपाशी, नवं पांढरं लुगडं नेसून बसलेल्या. अध्यक्ष म्हणून पंचशील यांनी सांगायचं, मागून सगळ्यांनी म्हणायचं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. हे थांबले. लोकांना वाटलं, विसरले. घसा खाकरून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडले.

"माह्यी माय नवसाले जात नव्हती," हे म्हणाले. "नवस म्या केलता. थे झाकत होती. माह्यं बी, तुमचं बी."

आणि तसेच उठून गोठ्यात गेले, आईच्या हाताला धरून तिला मांडवात घेऊन आले. फुलसावंगीच्या म्हाताऱ्यानं एकदा आपल्या पोराकडं पाहिलं, एकदा कौशीकडं, आणि सरकून आपल्या शेजारी भागामायला जागा केली.

त्या बसल्या. पदर सारखा केला. हे समोर उभे, लहान पोरासारखे रडत होते. मला वाटलं, आता आई लेकराला जवळ घेईल.

"रडून कायले राह्यला?" भागामाय म्हणाल्या. "चौथं झालं तुह्यं. आता पाचवं म्हन."