त्या फाईलमधला क्रम अण्णांचा होता

परशरामअण्णांची नोकरी माझ्या एका "हो"मुळे गेली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फोटो टाकून दोन हात जोडले असते तरी चाललं असतं. पण मला आता तेवढ्यावर सुटायचं नाही.

अण्णा वडगावचे. घरी पॉवरलूम, साड्यांचं काम. डिप्लोमा करून चिप तपासणाऱ्या आमच्या टूलच्या टीममध्ये आले. बेळगावच्या त्या छोट्या ऑफिसात ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे.

आमचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चिपचं डिझाईन बरोबर आहे की नाही, हे आमचं टूल, म्हणजे सॉफ्टवेअर, एक आकृती बांधून तपासतं. शेकडो सिग्नल असतात. कुठला आधी घ्यायचा, कुठला नंतर, यावर सगळं अवलंबून. क्रम जमला तर दहा मिनिटांत काम होतं. नाही जमला तर आकृती फुगत जाते, मेमरी संपते आणि रन, म्हणजे ती तपासणी, अर्ध्यातच मरतो.

तोवर हा क्रम अण्णा हातानं लावायचे. तो टूलनं स्वतःच शोधावा, यासाठी मी तीन महिने राबत होते. माझं फीचर. माझं अप्रेझल. मॅनेजरला छातीठोक सांगितलं होतं, "डेमोला चालणार म्हणजे चालणार."

डेमोच्या आदल्या दिवशी सकाळपासून चार रन मेले.

मी रडकुंडीला आले. अण्णांनी सिग्नलची नावं प्रिंट केली, कात्रीनं पट्ट्या कापल्या आणि कॅन्टीनच्या टेबलावर मांडायला घेतल्या.

"अण्णा, हा काय पोरखेळ?"

"ज्यांचं एकमेकांबिगर अडतंय त्येंला शेजारी बसवायचं गं. लग्नाच्या पंगतीत पाव्हणी बसवतोय तसं. ह्यो आन् ह्यो लांब बसला की भांडणं लागणारच."

दुपारभर पट्ट्या सरकवत बसले. मग तो क्रम टूलमध्ये भरला.

रन नऊ मिनिटांत पास.

मी आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि क्रमाची फाईल एक्सपोर्ट केली. एक्सपोर्ट केलेल्या फाईलवर टूल आपोआप स्वतःचं नाव टाकतं. क्रम माणसानं लावलाय की टूलनं, त्यात काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी डेमोत मॅनेजरनी फाईल उघडली. "वा! हा क्रम टूलनं स्वतः काढला ना?"

अण्णा शेजारीच बसले होते.

मी "हो" म्हणाले.

एक शब्द. त्यावर वाहवा झाली. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लॅपटॉप मिटला. चहाला जाताना म्हणाले, "डेमो झाला, बरं झालं."

दोन शिव्या हासडल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी कपात आली आणि अण्णांना काढलं. हातानं क्रम लावायचं काम आता टूलच करतं, मग माणूस कशाला? असं कारण दिलं. ते कारण खोटं आहे, हे मला माहीत होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि मला प्रमोशन मिळालं.

अण्णा भावाच्या लूमवर गेले. एकदा बाजारात भेटले तर विचारलं, "टूल बरं चाललंय न्हवं? क्रम जमतोय का त्येला?"

मी म्हणाले, "जमतोय." तेही खोटंच होतं.

पुढं एका दुपारी लूमवरच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा तिथीनं वर्षश्राद्ध होतं, त्याला बेळगुंदीच्या माझ्या घरून मी वडगावला गेले. जेवणं आटोपल्यावर वहिनींना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, त्या रडतील, नाहीतर हाकलून देतील.

"म्हाईत हाय. त्याच दिवशी घरी येऊन सांगिटलंतं ह्यांनी."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"तू कवा बोलतीस, बघत होते मी."

"आता मला सांगून काय उपेग गं? भावकीत समदी म्हणत्यात, कामात कमी पडला म्हणून काढलं. मशीन त्याच्यापरास हुशार निघालं. पोरगी बी तेच ऐकतीया. जितं खोटं बोललीस तितं सांग. चारचौघांत सांग."

आज सकाळी मॅनेजरना सगळं खरं लिहून मेल केला. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

त्या मीटिंगमधले सगळे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वडगावची भावकीही आहे. म्हणून इथं लिहितेय.

आणि वैष्णवी, हे तुझ्यासाठी. दहावीत आहेस, सगळं कळतं तुला.

तुझे पप्पा कामात कमी पडले नव्हते. तो क्रम त्यांनी लावला होता. टूलला जमला नव्हता. मला जमला नव्हता. आमच्या ऑफिसात तो फक्त त्यांनाच जमला, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कुणी काही बोललं तर ही पोस्ट दाखव.

अण्णा, तुम्ही असताना हे बोलायचं धाडस झालं नाही. माफी मागायला आता तुम्ही नाहीत. शेवटचा नमस्कार.