उगवतीकडची फांदी

टिळकवाडीतल्या भाड्याच्या घरात मी तीस वर्षं एकटी राहिले. शाळेतून निवृत्त झाले तरी घर सोडलं नाही. शेवटी मालकांनीच जागा अपार्टमेंटला दिली आणि ऐन उन्हाळ्यात मला गावाबाहेर हिंडलग्याच्या दोन खोल्यांत जावं लागलं. भांडीकुंडी कशीही गेली असती. जीव अडकला होता तो अंगणातल्या अनंतात. माझ्याहून उंच झालेलं झुडूप होतं ते.

त्याच्यापायी शेजारच्या आक्कांशी माझं वर्षानुवर्षं भांडण. झाड माझं, पाणी माझं, पण फांद्या उगवतीकडं, त्यांच्या भिंतीवर. फुलं त्या तोडायच्या आणि वर म्हणायच्या, "झाडालाबी माणूस कळतंय, बाई." मी दोन दिवस बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी त्याच भिंतीवरून आमटीची वाटी यायची.

"उन्हाळ्यात हलवायचं न्हाय, बाई. लई नाजूक जात," झाड हलवायला बोलावलेला माळी म्हणाला. पण जेसीबी काही पावसाची वाट बघणार नव्हता. मग त्यानं आधी अर्ध्या घेराची मुळं तोडली, पंधरा दिवसांनी उरलेली. फांद्या छाटल्या. कळ्याही सगळ्या खुडायला लावल्या. "मुळं तुटल्यात, फुलं कशानं पोसणार?" त्या हिरव्या कळ्या आक्कांनी पदरात घेतल्या. उगवतीकडच्या फांदीला माळ्यानं लाल दोरा बांधला. नव्या जागीही तेच अंग उगवतीला हवं, नाहीतर सावलीतली साल उन्हानं भाजते म्हणे.

मातीसकट मुळं ओल्या पोत्यात बांधून अनंत संध्याकाळी टेम्पोनं हिंडलग्याला आला. सावलीसाठी वर मी वडगावच्या मागावरची एक विटकी सुती साडी ताणून बांधली. आणि पाणी घालत बसले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुसरं काम तरी काय होतं? घरात बोलायला कुणी नाही, आणि भिंतीपलीकडं मोकळा प्लॉट, त्यात काँग्रेस गवत. पानं पिवळी पडून गळायला लागली, तशी मी अजून पाणी घातलं.

माळ्यानं येऊन मातीत बोट खुपसलं. "मुळं कुजायला लागल्यात. झाडाला तहान न्हाय, बाई. तुम्हालाच करमंना झालंय."

मला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतोच. त्यानंतर बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय मी तांब्या उचलला नाही. घर खायला उठायचं. मग बाहेर जाऊन नखानं साल जराशी खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की त्या दिवशीचा चहा गोड लागायचा.

तिकडं टिळकवाडीत बांधकामाच्या धुळीनं आक्कांना दम लागायला लागला आणि मुलानं त्यांना बंगळुरूला नेलं.

यंदा कळी धरली. एकच, तीही लाल दोऱ्याच्या फांदीला, भिंतीपलीकडं वाकलेली. उमलली त्या सकाळी मी आक्कांना फोन लावला.

"कुठल्या बाजूला आलंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या."

 मग म्हणाल्या, "हात लावायचा न्हाय. ते माझं हाय. मी येऊन तोडीन."

त्या येणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. फूल तीन दिवस फांदीवर राहिलं, पांढऱ्याचं पिवळं झालं. वास घरभर येत होता. मी हात लावला नाही.