आमच्या व्याह्यांचा इनफ

आमच्या व्याह्यांना देवाने जन्माला घातलं ते इंग्रजीतला 'इनफ' हा एक शब्द जागेवर ठेवण्यासाठी. बाकी संसार, मुलगा, पेन्शन ही सगळी मधल्या सुट्टीतली कामं. धुळ्यात देवपूरला एका शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहेत, पण सुटली ती फक्त इमारत. भाजीवाला, पोस्टमन, जो समोर येईल तो विद्यार्थी, आणि धडा एकच: इनफ नामाच्या आधी येतो आणि विशेषणाच्या नंतर. "नाम म्हणजे वरातीतला नवरदेव," ते सांगतात, "बँड त्याच्या पुढे चालणार. विशेषण म्हणजे बोहल्यावरची नवरी. मामा तिच्या मागे उभा राहणार. बँड मागे आणि मामा पुढे, असं लग्न पाहिलंय कधी?" सलूनवाल्याने अर्ध्या दाढीवर हात थांबवून "नाही पाहिलं, सर" असं कबूल केलं, तेव्हा कुठे यांनी उरलेला गाल त्याच्या ताब्यात दिला.

मी जळगावचा, केळीचा व्यापारी. यावलच्या बागा तुडवत मोठा झालो, पाठीवर कोणाचा हात नव्हता. माझा सगळा धंदा तोंडावर आणि रागावर उभा आहे. मुलगी पाहायला हे आमच्या मेहरूणच्या घरी आले, तेव्हा कार्यालय कोणाचं, मानपान किती, आहेर कोणाकोणाला, यातल्या प्रत्येक मुद्द्यावर भांडायची तयारी करून मी बसलो होतो. यांनी मुलीला एकच विचारलं. 'हे घर पुरेसं मोठं आहे' हे इंग्रजीत सांग. तिने बरोबर सांगितलं. यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मुलगी आमची झाली. बाकी तुम्ही म्हणाल ते." आपण दाराला खांदा लावावा आणि दार उघडंच असावं, तसा मी तोंडावर पडलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एवढी तयारी वाया घालवणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

साखरपुड्याला बाकी मंडळी गाडीने आली. यांना गाडी लागते, म्हणून हे एसटीने निघाले. पारोळ्यात खिडकीतून त्यांना एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासची पाटी दिसली, 'आर यू इनफ स्मार्ट?' हे तिथेच उतरले. इकडे वरणासोबतच्या बट्ट्या गार होऊन दगड झाल्या, पाहुणे सतरंजीवर आडवे झाले, आणि मी दारात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी हे आले ते क्लासवाल्याला बरोबर घेऊनच, कारण वाद मिटला नव्हता. त्या माणसाला शेवटपर्यंत पटलं नाही, पण तो जेवला पोटभर. जाताना आमच्या हिच्याकडे वरणाची कृती मागून गेला.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. माइकचं मात्र सोडलेलं नाही. लग्नात पुण्याकडचे पाहुणे होते, म्हणून मी माइक हातात घेऊन पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "वी हॅव फूड इनफ." वरपिता मांडवातून सावकाश चालत आला, माझ्या हातातला माइक घेतला, "इनफ फूड" अशी दुरुस्ती केली आणि माइक परत माझ्या हातात ठेवला. भरल्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी, माझा मांडव, माझा माइक. बाजारात कोणी असं केलं असतं तर त्याची केळी मी गाडीतच काळी पडू दिली असती. इथे मुलीचा बाप म्हणून हात जोडून हसलो आणि आखाजीची वाट पाहिली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. झोके बांधतात, आमरस होतो, आणि तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मला मुलगा नाही, म्हणून मुराळी मीच. आठ दिवस मिळाले तरी पुष्कळ, असं मनाशी धरून मी धुळे गाठलं आणि धंद्याच्या रीतीने महिना मागितला. हे नाही म्हणतील, मी आवाज चढवीन, माइकचंही त्यातच काढीन, असा सगळा बेत होता. यांनी थोडा वेळ चष्म्याची काडी चाळवली. मग आत पाहून म्हणाले, "बेटा, महिन्याचे कपडे घे."

मागितलं त्याहून कमी मिळालं तर काय करायचं हे मला येतं. मागितलं तेवढंच मिळाल्यावर काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. लेक गाडीत बसली ती पारोळ्यापर्यंत मागे वळून धुळ्याकडेच पाहत होती. जावई ठिबक सिंचनाच्या नळ्या विकत महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असतात, आणि विहीणबाई लग्नाआधीच गेलेल्या. तिकडे घरात सासरा-सून ही दोघंच, दिवसभर एकमेकांच्या चुका काढत बसणारी.

घरी झोका बांधला, आमरस झाला, गल्लीतल्या मुलींनी गाणी म्हटली. लेक मात्र रोज संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायची. नाना, काय जेवलात, असं सासऱ्यांना विचारायची, आणि तिकडून खणखणीत इंग्रजीत उत्तर यायचं की पुरेसं अन्न खाल्लं आहे. एकदा खाली येऊन ती मला म्हणाली, "आबा, नानांचं व्याकरण चुकत नाही, पण ते खोटं बोलतात. शेजारच्या काकू सांगत होत्या, घरात गॅसच पेटत नाही." आमची ही चुलीसमोर चिडली की अहिराणीत बोलते. ती म्हणाली, "तो माणूस तठे एकलाच शे, आन तुम्हले महिना पाहिजे."

म्हणून मी पुन्हा धुळ्याला. म्हटलं, सर, लेकीला परत आणून सोडतो, झालं माहेरपण. ते म्हणाले, "तुम्ही महिना म्हणाला होतात." मी म्हटलं, तो मागायचा म्हणून मागितला होता. त्यांना कळेना. मग मी त्यांना सौदा समजावून सांगितला. बागवाला जास्त सांगतो, मी कमी सांगतो, चहा येतो, मी रागाने उठून जातो, तो हाक मारून बोलावतो, मधे कुठेतरी जुळतं. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलासारखं ऐकून घेतलं.

"म्हणजे पहिलं वाक्य दोघंही चुकीचं बोलता. आणि ते दोघांनाही माहीत असतं."

"हो."

"मग बरोबर का बोलत नाही?"

माझं डोकं फिरलं. "सर, बरोबर बोललो तर दोन मिनिटांत आटपेल. मग दिवसभर माणसाने करायचं काय?"

ते बंद स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. मी त्यांची पिशवी उचलली आणि म्हटलं, चला जळगावला. सुनेच्या माहेरी सासऱ्याने मुक्काम करायचा का, लोक काय म्हणतील, असं ते पुटपुटले. लोकांना मी बघतो, म्हटलं, ते माझं खातं.

ते आले आणि महिना संपेपर्यंत राहिले. माझ्या हमालांना शिकवलं, ट्रकवाल्यांना शिकवलं, प्रत्येक पंगतीला मला शिकवलं. मी रोज एकदा तरी कडाडून भांडलो. लेक त्या दिवसांत झोक्यावर बसून गाणी म्हणायला लागली.

शेवटच्या दिवशी दोघांना स्टँडवर पोचवलं. सर खिडकीशी बसले, मी खाली उभा. त्यांनी गजांतून विचारलं, "भाऊ, पुढच्या आखाजीला किती मागणार?"

"आता खरं तेच सांगतो. आठ दिवस."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"महिना मागा," ते हळूच म्हणाले. "मी नाही म्हणेन. तुम्ही रागावून उठून जा. मी हाक मारीन."

कंडक्टरने घंटी मारली. मी "बघू" एवढंच म्हणालो. लगेच हो म्हटलं असतं, तर मग वर्षभर आम्ही फोनवर भांडलो कशावरून असतो?