प्रार्थनेच्या पहिल्या अक्षरावरचं सोनं

नवऱ्याला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि मी डिपेंडंट व्हिसावर त्याच्यामागे आले. पहिल्याच हिवाळ्यात घरात बसून कंटाळले, म्हणून चर्चच्या हॉलमधल्या शनिवारच्या क्लासला नाव घातलं. मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठांत पोथ्या कशा सजवत, ते तिथे सत्तरीच्या एक बाई शिकवायच्या. बकरीच्या ताणून वाळवलेल्या कातड्यावर प्रार्थनेचं पहिलं अक्षर मोठं काढायचं. त्यावर खडू, सरस आणि थोड्या साखरेचा जाडसर थर द्यायचा. थर वाळला की नळीतून श्वास सोडून तो ओलसर करायचा आणि लगेच सोन्याचा वर्ख ठेवायचा.

माझा वर्ख चिकटेना. चार शनिवार गेले. तुकडे उडून बाहीवर बसायचे, अक्षरावर मात्र नाही.

"चूक तुझी नाही," बाई म्हणाल्या. "हीटिंगने हॉल कोरडा पडतो. मठांतल्या लिहायच्या खोल्या थंडगार आणि दमट असायच्या. साखरेला ओल मिळायला हवी."

मला आमचा रत्नागिरीचा गुळाचा डबा आठवला. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटायचं. नॉटिंगहॅमच्या घरात तेवढी दमट जागा एकच होती. रविवारी सकाळी मी बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून ठेवला आणि वाफ जरा बसल्यावर फळीवर ताणलेलं पान आत नेलं.

"अगं, अजून किती वेळ?" नवऱ्याने दार वाजवलं.

"थांब. श्वास सोडतेय."

तो खाली गेला.

वर्ख ठेवला, वर पातळ कागद धरून बोटाने दाबला, मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने हलकेच घासला. घासता घासता सोनं आरशासारखं झालं. त्यात खिडकी दिसायला लागली. मी कमोडच्या झाकणावर बसून एकटीच हसत राहिले.

शनिवारी बाईंनी पान उजेडात तिरकं धरून बराच वेळ पाहिलं.

"कुठे केलंस?"

"बाथरूममध्ये."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग उठून हॉलचं हीटिंग बंद केलं, कोपऱ्यात किटली उकळत ठेवली, सगळ्यांना कोट घालायला लावले आणि मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"आज ही दाखवेल," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत पाच जणींच्या अक्षरांवर सोनं बसलं. बाई हात पाठीमागे बांधून एकेका टेबलापाशी थांबत होत्या, आणि कोणाला काही सांगायची त्यांना गरजच पडत नव्हती.